मोर्टार मिक्सर

विटांच्या बांधकामाचा व गिलाव्याचा मसाला (साइटच्या बोलीत ‘माल’) कालवण्याचे यंत्र. काँक्रीट मिक्सरचा ढोलच फिरतो. यात मात्र ढोल स्थिर असतो आणि आडव्या दांड्यावरची पाती आत फिरतात. पात्यांच्या टोकांना रबराच्या पट्ट्या असतात. त्या ढोलाचा पत्रा खरवडत फिरतात, म्हणून चिकट मालही एकजीव होतो. खडी यात टाकू नये. ती रबर आणि पत्र्याच्या फटीत अडकते आणि पाते वाकते.

यंत्र सपाट जागी उभे करून चाकांना ठोकळे लावावेत. ढोल रिकामा असताना इंजिन चालू करून पाती फिरू द्यावीत. मग अंदाजे पाऊण पाणी, निम्मी वाळू, सगळे सिमेंट, उरलेली वाळू आणि शेवटी लागेल तसे पाणी, असा क्रम ठेवावा. कोरड्या ढोलात आधी सिमेंट ओतले तर ते कोपऱ्यांत थापले जाते आणि गोळे होतात. १:६ मालासाठी ५० किलोच्या गोणीला (सुमारे ३५ लिटर) त्याच मापाचे सहा फर्मे (मापाच्या पेट्या) वाळू लागते. ओलसर वाळू फुगते, त्यामुळे फर्मे तेवढेच भरले तरी वाळू कमी पडते. फावड्याच्या अंदाजावर तर प्रमाण राहतच नाही. सगळे घटक पडल्यावर निदान ३ मिनिटे कालवावे. ढोल इतका भरू नये की पाती पूर्ण बुडतील. भार वाढला की इंजिनचा पट्टा घसरतो आणि जळका वास येतो.

अनेक गंभीर अपघात ढोलाच्या तोंडावरच्या जाळीमुळे होतात, म्हणजे ती काढून ठेवल्यामुळे. गोणी जाळीवरच्या दात्यांवर फाडायची असते. पाती फिरत असताना ढोलात फावडे, थापी किंवा हात कधीही घालू नये. पदर, ओढणी, उपरणे, सैल बाही पात्यांजवळ नको. आत हात घालण्यापूर्वी इंजिन बंद करून पेट्रोल इंजिनच्या स्पार्क प्लगची वायर काढावी. विजेवरच्या यंत्राचा प्लग उपसावा. नुसते बटण पुरेसे नाही, कारण दुसरा कोणीतरी ते दाबतो. अशा यंत्राला अर्थिंग आणि वीज गळताच पुरवठा तोडणारे ३० मिलिअँपिअरचे गळतीरोधक स्विच हवे. हँडल मारून डिझेल इंजिन चालू करताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा. इंजिनने उलटा झटका दिला तर विळखा घातलेला अंगठा मोडतो. बंद खोलीत इंजिन चालवू नये, धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. ओले सिमेंट तीव्र अल्कधर्मी असते. गमबुटात शिरलेला माल तासाभरात कातडी भाजू शकतो. गोणी फाडताना साधा रुमाल नाही, धूळरोधक मास्क लावावा.

काम थांबताच ढोल धुवावा. जेवणाच्या सुट्टीतही माल आत ठेवू नये. थर वाळला की तो सोडवायला घण मारतात, आणि तिथूनच यंत्र बिघडते: पत्र्याला पोचे पडतात, रबर एकसारखे टेकत नाही, उरलेल्या फटीत नवा थर साचतो. थर आधीच चढला असेल तर यंत्र बंद करून छिन्नीने हळूहळू काढावा. रबर झिजून लोखंड पत्र्याला घासू लागण्याआधीच पट्टी पुढे सरकवावी किंवा बदलावी.

दांडा ढोलातून बाहेर येतो तिथल्या सीलना रोज काम संपल्यावर ग्रीस द्यावे. कडेने स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत पंप मारावा, म्हणजे आत शिरलेला सिमेंटचा रबडा बाहेर ढकलला जातो. सीलमधून पाणी टपकू लागले की समजावे, पुढची पाळी बेअरिंगची.