ईसीयूची चिप बदलायची तर आधी जुनी वाचून घ्या

१९८०-९० च्या काळातल्या इंजेक्शनवाल्या गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, उघडला की आत बऱ्याचदा २८ पायांची एक लांबट चिप दिसते, वर स्टिकर चिकटवलेला. तो स्टिकर काढू नका! त्याखाली छोटी पारदर्शक खिडकी असते आणि नुसत्या उन्हानेसुद्धा चिप हळूहळू पुसली जाते.

ही ईप्रॉम, म्हणजे प्रकाशाने पुसली जाणारी मेमरी चिप. इंटेलमध्ये डॉव्ह फ्रोमान यांनी १९७१ मध्ये पहिली बनवली, तिच्यात जेमतेम २०४८ बिट मावायचे. आपल्या गाडीतल्या २७सी२५६ नंबरच्या चिपमध्ये ३२ किलोबाइट, मोबाइलवरच्या एका फोटोपेक्षाही कमी, पण इंजिनची सगळी अक्कल तेवढ्यात. चौकटींचा तक्ता समजा, एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला लोड (इंजिनवरचा भार), आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा, किती पेट्रोल सोडायचं किंवा स्पार्क किती आधी टाकायचा ते सांगणारा.

हे आकडे टिकतात कसे? इलेक्ट्रॉन एका इन्सुलेटेड कप्प्यात कोंडलेले असतात. अडकलेले असले तर बिट ० वाचला जातो, निसटले की १. म्हणून चिप म्हातारी झाली की ४० चा आकडा एकाच बिटमुळे १६८ होऊ शकतो, आणि मग एका ठराविक आरपीएमलाच गाडी झटके का देते हे काही केल्या कळत नाही.

आता खरी पंचाईत. चिप थेट सोल्डर केलेली असेल आणि हुबेहूब त्याच पार्ट नंबरची फाइल (चिपमधल्या सगळ्या आकड्यांची कॉपी) तुमच्याकडे असेल तर बारीक कटरने पाय कापा आणि एकेक पाय वेगळा गरम करून काढा, बोर्ड वाचतो. चिप कधीही मिळेल, पण उखडलेला कॉपर ट्रॅक जोडताना रडू येतं. फाइल नसेल तर मात्र चिप जिवंतच काढायला लागते, आधी वरचं लॅकर साफ करून, मग पंपाने सोल्डर ओढून, अजिबात घाई न करता, आणि प्रोग्रॅमरवर (चिप वाचायच्या-लिहायच्या यंत्रावर) २-३ वेळा वाचून फाइल्स जुळतात का ते बघायचं. जुळल्या नाहीत तर बिट डळमळीत आहेत.

नवी चिप थेट सोल्डर करू नका, चांगल्या पकडीचं सॉकेट लावा. चिपवरची खाच कुठल्या बाजूला होती त्याचा फोटो आधीच काढून ठेवा, कारण चिप उलटी बसली तर १४ आणि २८ नंबरच्या पिनांची, म्हणजे ग्राउंड आणि ५ व्होल्टची, अदलाबदल होते आणि चिप जळते.

२७सी२५६ मिळाली नाही म्हणून दुप्पट जागेची २७सी५१२ घेतली तरी बहुतेक वेळा चालते, फक्त फाइल दोन्ही अर्ध्यांत लिहा. २५६ ची १ नंबर पिन साधारणपणे ५ व्होल्टला बांधलेली असते, ५१२ मध्ये तीच पिन ॲड्रेसची, म्हणजे कुठला अर्धा भाग वाचायचा ते ठरवणारी, त्यामुळे ईसीयूला वरचाच अर्धा भाग दिसतो. खालच्याच अर्ध्यात लिहिलं असेल तर त्याला सगळं कोरं दिसणार आणि गाडी स्टार्टच होणार नाही, चिप अगदी ठणठणीत असूनसुद्धा.