समाजमाध्यमे आणि किशोरवयीनांचा सामाजिक आधार

आपली काळजी करणारी, आपल्याला मान देणारी आणि अडीनडीला उभी राहणारी माणसे आपल्याला आहेत, ही व्यक्तीची खात्री म्हणजे सामाजिक आधार. अमेरिकेतील संशोधक सिडनी कॉब यांनी १९७६ मध्ये ही कल्पना याच अंगाने मांडली आणि अशा आधारामुळे आयुष्यातल्या ताणांची झळ कमी बसते, असे प्रतिपादन केले. किशोरवयात हा आधार आईवडिलांकडून हळूहळू मित्रमैत्रिणींकडे सरकतो, आणि आज त्या मैत्रीचा मोठा भाग व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट यांवर चालतो.

प्रत्यक्ष मिळालेली मदत आणि ‘लागली तर मिळेल’ हा भरवसा या दोन गोष्टी अभ्यासक वेगळ्या मोजतात. मानसिक स्वास्थ्याशी अधिक सातत्याने जुळतो तो भरवसा. ग्रेगरी झिमेट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेली १२ विधानांची प्रश्नावली तोच मोजते. तिचे कप्पे तीन : कुटुंब, मित्र आणि एखादी खास जवळची व्यक्ती. वर्गात शेजारी बसणारी मैत्रीण रात्री फोनवरही तीच असते. तेव्हा तिच्याकडून मिळालेला धीर ‘ऑनलाइन’ धरायचा की ‘ऑफलाइन’, हा प्रश्न मुलांपेक्षा संशोधकांनाच जास्त पडतो.

संशोधनाचा कलही बदलत गेला आहे. रॉबर्ट क्राउट यांच्या गटाने अमेरिकेतल्या पिट्सबर्गमधील, घरी नव्यानेच इंटरनेट आलेल्या कुटुंबांचा अभ्यास १९९८ मध्ये छापला. इंटरनेटचा वापर जास्त तिथे घरातला संवाद आणि ओळखीचे वर्तुळ थोडे आटले, एकटेपणा वाढला, असे त्यात दिसले. याच गटाच्या पुढच्या पाहणीत हे दुष्परिणाम बरेचसे ओसरले होते. बोलक्या, माणसांत रमणाऱ्यांना उलट फायदाच होत होता. नेदरलँड्समधील पॅटी व्हाल्केनबर्ग आणि योखेन पीटर यांना २००७ मध्ये किशोरवयीनांबाबत आढळले, की आधीच्या मित्रांशी चॅटिंग केल्याने मैत्रीतली जवळीक वाढते. मात्र या विषयावरील बरेच अभ्यास एकाच वेळी भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांवर उभे आहेत. फोनमुळे मूल एकटे पडले की एकटे पडल्यामुळे फोनकडे वळले, हे त्यांतून कळत नाही.

‘स्क्रीन टाइम’ हे मापही इथे फार तोकडे आहे. तासभर रील सरकवणे आणि नापास झालेल्या मित्राशी तासभर बोलणे त्यात सारखेच भरते. शेकडो लाइक्स आले तरी त्यांतला कोण आपल्यासाठी दवाखान्यात येईल, हे मुलांना पक्के ठाऊक असते. मेसेज पाहूनही उत्तर न येणे, सगळ्यांच्या स्टोरीत दिसणाऱ्या पार्टीचे आपल्याला बोलावणेच नसणे, यांनी तोच भरवसा खचतोही. दुर्मीळ आजार असलेल्या किंवा समलिंगी मुलांची गोष्ट निराळी. आपल्यासारखे कोणी गावात भेटत नाही, तेव्हा अनोळखी समूहही खरा आधार ठरू शकतो.

अमेरिकेत प्यू रिसर्च सेंटर या पाहण्या करणाऱ्या संस्थेच्या २०२२ च्या पाहणीत १३ ते १७ वयोगटातील ६७ टक्के मुलांनी, कठीण प्रसंगी पाठीशी माणसे आहेत असे समाजमाध्यमांमुळे वाटते, असे सांगितले होते. २०२४ च्या पाहणीत हे प्रमाण ५२ टक्क्यांवर आले.

भारतात आधी फोन कोणाचा, हे पाहावे लागते. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या २०२३ च्या अहवालानुसार ग्रामीण भागातील १४ ते १८ वयोगटात स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी सुमारे ९० टक्क्यांनी आदल्या आठवड्यात समाजमाध्यमे वापरली होती. पण स्मार्टफोन वापरता येणाऱ्या या मुलग्यांपैकी ४३.७ टक्के, तर मुलींपैकी फक्त १९.८ टक्के जणांकडे स्वतःचा फोन होता. भावाच्या किंवा वडिलांच्या फोनवरून मैत्रिणीला मन मोकळे करणारी मुलगी चॅट पुसून मगच फोन परत देणार. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास मोबाइल आणि टीव्ही बंद ठेवण्याचा उपक्रम सुरू झाला. त्याची विशेषता अशी, की तो फक्त मुलांपुरता नव्हता. मोठ्यांचेही फोन बाजूला ठेवायचे होते.

ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवता येत नाही. व्हॉट्सॲपसारखी निरोपाची साधने मात्र त्यातून वगळली आहेत. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या पडताळलेल्या संमतीची तरतूद आहे. घरात बोलता येत नाही म्हणून बाहेर आधार शोधणाऱ्या मुलाला ती संमती त्याच घरातून मिळवावी लागेल.