कोरोना मृत्यूचे पन्नास हजार : अर्ज नेमका कुठे अडत होता?

कोरोनाने घरातले माणूस गेले असेल, तर कुटुंबाला सरकारकडून पन्नास हजार रुपयांचे सानुग्रह साहाय्य (मदतीची रक्कम) मिळत होते. मृत्यू 20 मार्च 2022 पूर्वीचा असेल, तर अर्जाची शेवटची तारीख 23 मे 2022 होती. सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2022 ला दिलेली साठ दिवसांची मुदत त्या दिवशी संपली. नव्वद दिवसांची मुदत होती ती 20 मार्चनंतरच्या मृत्यूंसाठी. एप्रिल 2021 मध्ये नवरा गेलेल्या बायकाही 'नव्वद दिवस आहेत ना अजून' म्हणत थांबल्या होत्या.

अर्ज राज्य शासनाच्या संकेतस्थळावर, स्वतः किंवा सेवा केंद्रातून भरता येत होता. अर्जदाराचे आधार, बँक खात्याचा तपशील, मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची हरकत नसल्याचे स्वयंघोषणापत्र लागत होते. खाते अर्जदाराच्याच नावाचे आणि आधारला जोडलेले हवे होते.

दाखल्यापासूनच घोळ सुरू होत असे. सुरगाणा, पेठ, इगतपुरीकडचा रुग्ण नाशिक शहरातल्या रुग्णालयात गेला असेल, तर मृत्यूची नोंद नाशिक महापालिकेत असते. गावच्या ग्रामसेवकाकडे ती सापडणार नाही, कारण नोंद मृत्यू जिथे झाला तिथेच होते.

सगळ्यात जास्त अर्ज अडत होते ते मृत्यूच्या कारणावर. दाखल्यावर कारण छापलेले नसते, कायद्यानेच ते छापत नाहीत. कारण असते नमुना 4 मध्ये, म्हणजे डॉक्टरांनी मृत्यूचे कारण लिहून दिलेल्या फॉर्ममध्ये. तो तेव्हा रुग्णालय थेट जन्म-मृत्यू निबंधकाकडे पाठवत असे आणि बहुतेक घरच्यांनी तो कधी पाहिलेलाही नसे. असे असताना 'दाखल्यावर कोरोना कुठे लिहिलंय?' असे विचारून माणसाला परत पाठवणे संतापजनक होते. केवळ दाखल्यावर कारण नाही म्हणून मदत नाकारायची नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 4 ऑक्टोबर 2021 लाच सांगितले होते. खिडकीवर हीच तारीख सांगून नकार लेखी मागायचा होता.

मग मृत्यू कोरोनाने झाला हे कशाने दाखवायचे होते? आरटीपीसीआर किंवा अँटिजेन चाचणीचा अहवाल, नाहीतर रुग्णालयात डॉक्टरांनी कोरोनाचे निदान केल्याचे कागद. चाचणी किंवा निदानापासून तीस दिवसांत मृत्यू झाला असेल, तर तो घरी झाला तरी कोरोनाचा मृत्यू म्हणून धरला जात होता. रुग्ण दाखलच राहून तीस दिवसांनंतर गेला, तरीही धरला जात होता. त्या तीस दिवसांत रुग्णाने आत्महत्या केली असेल, तर ते कुटुंबही पात्र होते. हे अनेकांना माहीत नव्हते आणि लाजेपोटी कोणी विचारतही नव्हते. खरे तर तो त्यांचा हक्क होता.

कागद अपुरे असतील किंवा अर्ज नामंजूर झाला असेल, तर यासाठीच नेमलेल्या तक्रार निवारण समितीकडे जाता येत होते. रुग्णालय केसपेपर देत नसेल, तर ते मागवण्याचा अधिकार या समितीला होता, म्हणून अर्जात रुग्णालयाचे नाव आणि दाखल झाल्याची तारीख स्पष्ट लिहिणे गरजेचे होते. अडचण खरोखर मोठी असल्याने 23 मे हुकली, तरी कारण लिहून याच समितीकडे दाद मागण्याची सोय न्यायालयाने ठेवली होती.

एखादा एजंट चाचणीचा अहवाल 'तयार करून देतो' म्हणाला, तर त्याच्या नादी लागणे धोक्याचे होते. महाराष्ट्रातल्या पाच टक्के अर्जांची पडताळणी करायला न्यायालयाने परवानगी दिली होती, आणि खोट्या दाव्याला आपत्ती व्यवस्थापन कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे. तीही अर्जावर सही करणाऱ्याला.