डोंगळ्यांची ‘पैदास’: पार्श्वभूमी

वळवाची मोठी सर होऊन गेली की बेळगाव-खानापूर पट्ट्यात संध्याकाळी दिव्याखाली वाळवीच्या पंखांचा खच पडतो. त्यात एखादी डोंगळ्याची राणीही सापडते. तिला उचलून काचेच्या नळीत ठेवायचं, याला हल्ली सर्रास ‘पैदास’ म्हणतात. घोळ तिथूनच सुरू होतो.

चीनमध्ये इ.स. ३०४ च्या सुमारास लिंबूवर्गीय बागांतली कीड खाण्यासाठी मुंग्यांची घरटी विकत मिळत, पण ती रानातून तोडून आणलेली. १९व्या शतकाअखेर युरोपात काचेची आणि प्लास्टरची वारुळं आली, तर १९५६ साली अमेरिकेत खेळण्यातलं वारूळ. त्यात राणीच नसे, त्यामुळे काही महिन्यांत सगळं संपे.

पैदास म्हणजे नर-मादीचं मीलन आपल्या देखरेखीत घडायला हवं. डोंगळ्यांत ते पंखवाले नर-मादी घरट्यातून उडतात, त्या उड्डाणाच्या वेळी होतं. तेव्हा मिळालेलं शुक्र राणी पोटातल्या पिशवीत साठवून वर्षानुवर्षं वापरते. फलित अंड्यातून मादी, अफलित अंड्यातून नर. पंखवाले नर-मादी डब्यात एकत्र सोडले तर भिंतींवर चढत राहतात आणि मरतात. म्हणून नळीत आपण करतो ते वसाहत वाढवणं. प्रत्येक राणी रानातूनच येते. केनियात २०२५ साली तस्करांकडे मुंग्यांच्या सुमारे ५,००० राण्या कापूस लावलेल्या नळ्यांत भरलेल्या सापडल्या, त्यामागचं कारणही हेच.

खरी पैदास जमली ती सह्याद्रीतल्याच उडी मारणाऱ्या मुंगीची. १९९५ साली जोगच्या धबधब्याजवळून नेलेल्या वसाहतीचा वंश अमेरिकेतल्या प्रयोगशाळांत वाढला, कारण या जातीत राणी नसली तर कामकरी मुंगीच घरट्यातल्या नराशी जुगते आणि अंडी घालते. तिच्यावरच्या जनुक-संपादनाचे (जनुकात मुद्दाम बदल करण्याचे) निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. आपल्या रानातल्या मुंगीची ही ओळख इथे फारशी कुणाला नाही, याची खंत वाटते.

डोंगळ्याच्या राणीसाठी नळीचा तिसरा हिस्सा पाणी, त्यावर घट्ट कापूस, तोंडाला दुसरा बोळा, बाहेरून काळा कागद. पहिल्या कामकरी मुंग्या निघेपर्यंत खाऊ घालायचं नाही. पंखांचे स्नायू जिरवून ती पिल्लं पोसते. रोज उचलून पाहिलं तर घाबरून अंडी खाते. आषाढाच्या दमट हवेत कापसाला बुरशी धरते. तेव्हा नवी नळी तोंडाला तोंड लावून जोडायची, म्हणजे ती आपणहून सरकते. पंख गळले म्हणजे मीलन झालंच असं नाही. कोशांतून फक्त पंखवाले नर निघाले, तर ती राणी कोरीच होती.