साखरेच्या धुळीला ८७ लाख डॉलरचा दंड

कामगारांच्या सुरक्षेचे नियम मोडले म्हणून एखाद्या कंपनीला मोठा दंड झाला, की बातमीत रक्कम ठळक छापतात. तो कशापायी झाला ते वाचून मात्र कधी कधी हसू येते. अमेरिकेच्या 'ओशा' या सरकारी यंत्रणेने जुलै २००८ मध्ये इम्पीरियल शुगर कंपनीच्या दोन कारखान्यांवर मिळून सुमारे ८७ लाख ७७ हजार डॉलरचा दंड प्रस्तावित केला. मुख्य आरोप होता साचलेली धूळ न काढल्याचा. केर काढला नाही म्हणून एवढा दंड?

त्याआधी, ७ फेब्रुवारी २००८ ला, जॉर्जियातल्या पोर्ट वेंटवर्थच्या कारखान्यात या धुळीचा स्फोट होऊन १४ कामगार मेले होते.

साखरेचा खडा पेटवून पाहा, तो वितळेल, करपेल. जळण्याची क्रिया पृष्ठभागावर होते, आणि खड्याला पृष्ठभाग फारच थोडा. एक सेंटिमीटरच्या घनाचे क्षेत्रफळ ६ चौरस सेंटिमीटर. त्याचेच ०.०१ मिलिमीटरचे कण केले तर ते शंभर कोटी होतात आणि एकूण क्षेत्रफळ ६,००० चौरस सेंटिमीटर. साखर तेवढीच, पण ऑक्सिजनला भिडणारी जागा हजारपट.

आता हे कण हवेत उधळले पाहिजेत, जागा बंदिस्त पाहिजे आणि ठिणगी किंवा तापलेला भाग पाहिजे. पोर्ट वेंटवर्थला सायलोंखालच्या, म्हणजे साखर साठवण्याच्या उंच टाक्यांखालच्या, बोगद्यात कन्व्हेयर बेल्ट होता. साखरेत घाण पडू नये म्हणून २००७ मध्ये तो पोलादी पत्र्यांनी झाकला. हेतू चांगला, पण धूळ ओढून घेण्याची सोय आत केली नाही. पूर्वी बोगदाभर पांगणारी धूळ आता पत्र्यांच्या आत दाटू लागली. बहुधा एका तापलेल्या बेअरिंगने ती पेटली.

हा पहिला स्फोट. त्याच्या दाबाने इमारत हादरली आणि जमिनीवर, तुळयांवर, यंत्रांवर बसलेली धूळ उडाली. मागून येणाऱ्या ज्वाळेला तीच पुढचे इंधन. बहुतेक नाश या दुय्यम स्फोटांनी होतो. हिशेब करून पाहू. धुळीची घनता घनमीटरला ५०० किलो धरली, तर एक मिलिमीटरच्या थरात दर चौरस मीटरला ५०० ग्रॅम धूळ. ती पाच मीटर उंचीच्या खोलीत सारखी पसरली तर घनमीटरला १०० ग्रॅम होतात. साखरेच्या बारीक धुळीला पेटायला याहून कमी पुरते. म्हणजे बोटाने रेघ ओढता येईल एवढा थर इमारत उडवायला पुरेसा आहे. हा थर दाबाच्या हवेने उडवून 'साफ' करणे तर आणखी वाईट, कारण ढग आपणच तयार करतो.

धुळीची तीव्रता 'के-एसटी' या अंकाने मोजतात: दाबवाढीचा कमाल वेग गुणिले चाचणीच्या बंद पात्राच्या घनफळाचे घनमूळ. घनमूळ अशासाठी की ज्वाळेला कापायचे अंतर लांबीच्या प्रमाणात वाढते, म्हणून मोठ्या पात्रात दाब सावकाश चढतो. साखरेचा अंक १३८ च्या आसपास, म्हणजे ती २०० पर्यंतच्या सर्वांत सौम्य वर्गात बसते. सौम्य! तरीही बंद पात्रात तिचा दाब आठ-नऊ बारपर्यंत जातो (एक बार म्हणजे साधारण हवेच्या नेहमीच्या दाबाएवढा), आणि विटांची साधी भिंत एका बारलाही टिकत नाही.

असे काही घडले की 'नशीब' म्हणणारे भेटतातच, आणि हल्ली त्यांच्या जोडीला स्मार्ट सेन्सर विकणारेही असतात. अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाने १९८० ते २००५ या काळातल्या धुळीच्या २८१ आगी आणि स्फोट मोजले आहेत, त्यांत ११९ जण मेले. लाकूड, धातू, अन्न, प्लॅस्टिक असे सगळे उद्योग त्यात आहेत. इतक्या उद्योगांचे नशीब एकाच पद्धतीने कसे फिरेल? आणि सेन्सर धूळ पुसत नाही.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो या दंडाचा दुसरा भाग. ८७ लाखांपैकी सुमारे ३७ लाख डॉलर लुइझियानातल्या ग्रॅमर्सीच्या कारखान्यावर होते. तिथे काहीच फुटले नव्हते. पोर्ट वेंटवर्थनंतर निरीक्षक गेले आणि त्यांना तशीच धूळ साचलेली दिसली. २०१० मध्ये कंपनीने सुमारे ६० लाख डॉलरवर तडजोड केली. सर्व उद्योगांना लागू होईल असा धुळीचा स्वतंत्र नियम करण्याचे काम ओशाने २००९ मध्ये हाती घेतले होते. २०१७ मध्ये ते कार्यक्रमातून वगळले गेले.