मराठवाड्यातील जपानी व्यापार व भांडवल

मराठवाड्याशी जपानचा आर्थिक संबंध दोन काळांत आला : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कापसाचा गिऱ्हाईक म्हणून आणि 2006 नंतर दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरमधील भागीदार म्हणून.

पहिला काळ आज जवळजवळ विसरला गेला आहे, आणि ते योग्य नाही. 1893 मध्ये टाटांच्या सहकार्याने निप्पॉन युसेन काइशा या कंपनीची मुंबई-कोबे जहाजे सुरू झाली. जपानी गिरण्या आखूड धाग्याचा स्वस्त हिंदी कापूस लांब धाग्याच्या अमेरिकन कापसात मिसळून सूत काढीत. 1900 च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज रेल्वे झाली आणि जालना, सेलू, परभणी, नांदेड येथील जिनिंग-प्रेसिंगमध्ये बांधलेल्या गठाणींना मुंबईची वाट मोकळी झाली. उमरावतीवरून (म्हणजे अमरावतीवरून) पडलेल्या ‘उमरा’ या व्यापारी नावाच्या कापसाला जपान हा मोठा गिऱ्हाईक होता. 1933 मध्ये ब्रिटिश सरकारने बिगर-ब्रिटिश कापडावरील जकात 75 टक्क्यांवर नेली. जपानी गिरण्यांनी हिंदी कापूस घेणेच थांबवले. सिमला-दिल्लीत वाटाघाटी होऊन 1934 च्या करारात तोडगा निघाला : 10 लाख गठाणी कापूस घेतला तर 32.5 कोटी यार्ड कापड भारतात आणता येईल, 15 लाख घेतल्यास 40 कोटी. शेतातल्या बोंडाचा भाव असा परक्या कापडाशी बांधला गेला.

दुसऱ्या काळात गिऱ्हाइकाची जागा गुंतवणूकदाराने घेतली. कॉरिडॉरच्या विकास महामंडळात जपान बँक फॉर इंटरनॅशनल कोऑपरेशनने 26 टक्के भाग घेतला. त्या आराखड्यातून छत्रपती संभाजीनगरजवळ ‘ऑरिक’ ही औद्योगिक नगरी उभी राहिली. शेंद्र्याला सुमारे 2,000 आणि बिडकीनला सुमारे 8,000 एकर. तिथला पहिला मोठा विदेशी कारखाना मात्र दक्षिण कोरियाच्या ह्योसंगचा. जपानी उद्योगाची मोठी घोषणा 31 जुलै 2024 रोजी झाली : टोयोटा किर्लोस्करने सुमारे 20,000 कोटी रुपयांच्या वाहन कारखान्यासाठी राज्य सरकारशी करार केला.

बिडकीनच्या औद्योगिक क्षेत्राची जमीन पैठण तालुक्यातल्या बिडकीन, निलजगाव या शिवारांतली आहे आणि पाणी जायकवाडीचे. ज्या प्रदेशाला उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे धरणातल्या पाण्याचा वाटा हाच गुंतवणुकीचा सर्वांत नाजूक हिशेब ठरतो. जपानी कर्जातून उभारलेली पश्चिम मालवाहतूक रेल्वे गुजरातमार्गे मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदराकडे जाते, मराठवाड्यात शिरत नाही. त्यामुळे इथला माल बंदराला नेण्यासाठी सगळी भिस्त महामार्ग, जुनी रेल्वे आणि जालन्याजवळच्या ड्राय पोर्टवर (बंदराला जाणारा माल हाताळणाऱ्या, समुद्रापासून दूरच्या केंद्रावर) आहे.