मार्च महिन्यात व्हर्जिनियाचा संघ का अडखळत राहिला?

१६ मार्च २०१८ रोजी शार्लटमध्ये अमेरिकी महाविद्यालयीन बास्केटबॉलमधील एक समजूत मोडली. एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडासंघटनेची बाद पद्धतीची राष्ट्रीय स्पर्धा मार्चमध्ये सुरू होते. तिच्या पुरुष गटात पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या मानांकनाचा संघ सोळाव्या, म्हणजे सर्वांत खालच्या मानांकनाच्या संघाकडून तोवर एकदाही हरला नव्हता. असे १३५ सामने झाले होते. त्या रात्री ३१ विजय आणि केवळ दोन पराभव घेऊन आलेल्या व्हर्जिनिया विद्यापीठाला यूएमबीसी या बाल्टिमोरजवळच्या विद्यापीठाने ७४-५४ असे हरवले. मध्यंतराला २१-२१ अशी बरोबरी होती, हे लक्षात घेतले म्हणजे उत्तरार्धात काय घडले याची कल्पना येते.

या पराभवाचे मूळ प्रशिक्षक टोनी बेनेट यांच्या खेळपद्धतीत शोधावे लागते. २००९ मध्ये ते व्हर्जिनियात आले, तेव्हा वडील डिक बेनेट यांनी विकसित केलेली ‘पॅक लाइन’ ही बचावपद्धती त्यांनी सोबत आणली. चेंडू असलेल्या प्रतिस्पर्ध्यावर एकाने दबाव ठेवायचा आणि उरलेल्या चौघांनी बास्केटजवळची जागा आवळून धरायची, म्हणजे आत घुसायला वाट राहत नाही आणि प्रतिस्पर्ध्याला लांबून फेक करावी लागते. आक्रमणातही घाई नसे. त्यामुळे व्हर्जिनियाच्या सामन्यांत प्रत्येक संघाच्या वाट्याला साठच्या आसपासच चढाया (चेंडू ताब्यात घेऊन आक्रमण करण्याच्या संधी) येत आणि देशातील सर्वांत संथ संघांत त्याची गणना होई.

तीसेक सामन्यांच्या हंगामात ही शिस्त फळाला येते. २०१४, २०१५ आणि २०१८ मध्ये अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स या व्हर्जिनियाच्या विद्यापीठ-गटात नियमित हंगामाचे अव्वल स्थान त्यांचेच होते. बाद फेरीत मात्र एकच सामना असतो, आणि सामना जितक्या कमी चढायांचा, तितका एखाद्या वाईट संध्याकाळचा परिणाम मोठा. पिछाडी भरून काढायलाही संधी कमी उरतात. यूएमबीसीने तीन गुणांच्या २४ पैकी १२ फेकी साधल्या, व्हर्जिनियाने २२ पैकी फक्त ४. त्यातच व्हर्जिनियाचा खेळाडू डिआंद्रे हंटर मनगटाच्या दुखापतीमुळे बाहेर होता. दडपणाखाली कच खाणारा संघ, ही त्यांच्यावर झालेली टीका मला म्हणूनच अन्यायाची वाटते.

मात्र सारा दोष संथपणावर टाकूनही चालत नाही. २०१६ मध्ये उपांत्य फेरीच्या उंबरठ्यावर ५४-३९ अशी आघाडी असताना सिरॅक्यूजने मैदानभर दबाव आणून सामन्याचा वेग वाढवला, तेव्हा व्हर्जिनियाची घडी विस्कटली आणि सामना ६८-६२ असा हातचा गेला. २०१७ मध्ये फ्लोरिडाविरुद्ध तर त्यांना ३९ गुणांच्या पुढे जाता आले नाही. बचाव भक्कम असला, तरी आक्रमण आटले की सावरायला दुसरा मार्ग नव्हता.

२०१९ मध्ये याच पद्धतीने त्यांनी विजेतेपद मिळवले. अंतिम सामन्यात टेक्सास टेकला जादा वेळेत ८५-७७ असे नमवले, त्यात हंटरचे २७ गुण होते. मात्र त्या वर्षी त्याच्यासोबत काइल गाय आणि टाय जेरोम हे दूरवरून अचूक फेक करणारे खेळाडू होते, आणि तिघेही त्याच उन्हाळ्यात एनबीए या व्यावसायिक लीगच्या वाटेला लागले. पुढे २०२१ मध्ये ओहायो आणि २०२३ मध्ये फरमन या तेराव्या मानांकनाच्या संघांनी त्यांना पहिल्याच सामन्यात घरी पाठवले. २०२४ मध्ये कोलोराडो स्टेटविरुद्धच्या प्राथमिक सामन्यात पूर्वार्धात व्हर्जिनियाचे जेमतेम १४ गुण झाले. बेनेट यांचा प्रशिक्षक म्हणून तो शेवटचा सामना ठरला.